मुसकं नव्हे, म्होरकी: ओढाळ कुत्र्याला वळवणारा हेड हॉल्टर

मागच्या आषाढात आमची आत्या पाखाडीवर पडली. सकाळची वेळ होती, जांभ्याच्या पायऱ्यांवर हिरवंगार शेवाळ, तिच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात आमच्या कुत्र्याची, खंड्याची दोरी. गडग्यावरून एक मुंगूस आडवं गेलं आणि खंड्याने एकच हिसका दिला. आत्या चार पायऱ्या खाली, मनगट मोडलेलं. खंड्या दहा हात पुढे जाऊन गोंधळून मागे बघत उभा. तो तीस किलोचा आहे, अर्धा लॅब्रडॉर आणि अर्धा आमच्या वाडीतलाच. चावणं सोडाच, कुणावर नीट भुंकतही नाही. पण ओढतो.

त्या पावसाळ्यात मी हेड हॉल्टर नावाची वस्तू, म्हणजे कुत्र्याच्या नाकाडावरून आणि कानांमागून घालायचा पट्टा, पहिल्यांदा हातात घेतली. पुढे ती घालून हर्णैच्या बंदराकडे निघाले, तर वाटेत एका मावशींनी थांबवलं. "काय गो बाय, तोंड कशाला बांधलंस त्याचं? चावतो काय?"

हा प्रश्न तेव्हापासून मला फार जणांनी विचारला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिले आणि कुत्रा या विषयावरून घराघरात वाद सुरू झाले. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. पण त्या वादात पाळीव कुत्रा घेऊन फिरणाऱ्याकडेही लोक जास्त बारकाईने बघू लागले, आणि ते योग्यच आहे. रस्त्यावर आपला कुत्रा आपल्या हातात असायला हवा. तो हातात राहावा म्हणून हा पट्टा काय करतो आणि काय करत नाही, ते नीट सांगते.

कुत्रा ओढतो कशासाठी?

"माजलाय", "ऐकत नाही", "डोक्यावर बसलाय" ही नेहमीची उत्तरं. खरं कारण बरंच साधं आहे. कुत्र्याची सहज चाल आपल्या चालीपेक्षा वेगवान असते. आपण तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, तेवढ्या वेगात मोठ्या कुत्र्याला रेंगाळल्यासारखं होतं. त्यातून पुढे सुक्या मासळीचा वास, मांजर, दुसऱ्या कुत्र्याने काल रात्री ओला केलेला खांब. तो ओढतो, आपण दोन पावलं पुढे जातो, तो खांबापाशी पोचतो. म्हणजे ओढल्याचं बक्षीस त्याला जागेवर मिळालं. दिवसातून पन्नास वेळा असं झालं की ओढणं हीच त्याच्या दृष्टीने चालायची रीत होते. ती रीत नकळत आपणच शिकवलेली असते.

त्यात शरीराचा एक स्वभाव भर घालतो. मागून ताण आला की प्राणी पुढे जोर लावतो. खुंट्याला बांधलेलं वासरू दावं ताणून उभं राहतं, तसंच. आपण दोरी मागे खेचून धरली की कुत्रा आणखी पुढे रेटतो, आणि रोजचं फिरणं म्हणजे रस्सीखेच होऊन बसते.

जोर असतो तिथेच आपण दोरी बांधतो

बैलाच्या मानेवर जू ठेवतात, कारण मान आणि खांदे हा त्याचा सगळ्यात बळकट भाग. तिथून तो गाडी ओढतो. बर्फाच्या देशात गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनाही छाती-खांद्यांवर बसणारा पट्टा घालतात, कारण त्यांनी ओढावं हीच तिथली गरज असते. आपण नेमकं उलट हवं असताना दोरी मानेशीच बांधतो. तीस किलोचा कुत्रा सगळं अंग झोकून देतो आणि पलीकडे एकच हात असतो, शेवाळावर उभ्या असलेल्या माणसाचा.

कुत्र्यालाही त्याचा त्रास होतोच. गळ्यातल्या पट्ट्याला रेटणारा कुत्रा खोकतो, घरघरतो, कारण ताण थेट श्वासनलिकेवर येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कुत्रे गळ्यातल्या पट्ट्याला ओढत असताना त्यांच्या डोळ्यातला दाब मोजला होता. तो वाढलेला आढळला. छातीच्या पट्ट्याने तसा वाढला नाही. ज्याला आधीच काचबिंदू किंवा डोळ्याचा दुसरा विकार आहे, त्याच्यासाठी ही बाब महत्त्वाची.

आवळणारी साखळी, आतून बोथट काटे असलेला पट्टा हे उपाय दुखवून थांबवतात. मला ते कधीच पटले नाहीत. ज्याला फिरायला नेताना आनंद व्हायला हवा, त्याच्या गळ्यात आपण लोढणं का अडकवायचं?

म्होरकी, मुसकं आणि वेसण

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. गुरं असलेल्या घरात वाढलेल्याला हेड हॉल्टर एका वाक्यात कळतो: ही कुत्र्याची म्होरकी.

गुरांच्या तोंडाला आपण तीन निरनिराळ्या गोष्टी लावतो. वेसण नाकपुड्यांच्या मधला पडदा टोचून घालतात, आणि तिचा धाक दुखण्याचा असतो. मुसकं म्हणजे तोंडावरची जाळी, मळणीच्या वेळी बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून. म्होरकी मात्र नाकाडावरून आणि कानांमागून फिरवलेली नुसती दोरी असते. तिने तोंड बंद होत नाही की काही टोचलं जात नाही, फक्त डोकं कुठे वळवायचं ते हातात येतं. घोड्याला इंग्रजीत ज्याला हॉल्टर म्हणतात, तेही हेच.

कुत्र्याच्या हॉल्टरला दोन पट्ट्या असतात. एक मानेवर अगदी वर, कानांच्या लगेच मागे. दुसरी नाकाडावरून सैल फिरते. दोन्ही हनुवटीखाली जुळतात आणि तिथल्या कडीला दोरी लागते. हा घातलेला कुत्रा तोंड उघडून धापा टाकू शकतो, पाणी पितो, बिस्किट खातो, भुंकतो. आणि हो, चावूही शकतो. म्हणून चावऱ्या कुत्र्याला हॉल्टर घालून "आता भीती नाही" असं कुणी म्हणत असेल, तर ते धोक्याचं आहे. त्याच्यासाठी जाळीचं, धाप टाकायला जागा असलेलं मुसकंच लागतं. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात तर कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. तोंड आवळणारी कापडी पट्टी घालून त्याला फिरवणं जिवावर बेतू शकतं.

ही कल्पना कुत्र्यांकडे आणली त्याला फार वर्षं झाली नाहीत. हाल्टी नावाचा पट्टा ब्रिटिश प्राणी-वर्तनतज्ज्ञ रॉजर मगफर्ड यांचा. जेंटल लीडर हा पट्टा अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले पशुवैद्य आर. के. अँडरसन आणि कुत्र्यांना शिकवणाऱ्या रूथ फॉस्टर यांनी १९८० च्या दशकात तयार केला. आज बाजारात बरेच प्रकार मिळतात, तत्त्व सगळ्यांचं एकच.

होडीला दोर कुठे बांधता?

आंजर्ल्याच्या खाडीत छोटी होडी दुसऱ्या होडीने ओढून नेताना बघा. दोर तिच्या पुढच्या टोकाला बांधतात. टोक जिकडे वळलं तिकडे सगळी होडी मुकाट्याने वळते. तोच दोर मधल्या फळीला बांधला तर होडी आडवी पडून पाण्याला रेटत राहील आणि ओढणाऱ्याचे हात भरून येतील. माणसं तीच, जोरही तेवढाच, फरक फक्त दोर बांधायच्या जागेचा.

कुत्र्याचं पुढचं टोक म्हणजे नाकाड. मान ही बिजागरी धरली तर नाकाड तिच्यापासून वीतभर लांब. दार बिजागरीजवळून ढकलायला खांदा लावावा लागतो आणि कडीजवळ एक बोट पुरतं, तेच गणित इथे आहे. कुत्रा पुढे झेपावला की दोरी ताणते, हनुवटी बाजूला वळते, मान वळते, मानेमागे खांदे वळतात. झेप सरळ न जाता आपल्याकडे फिरते. कुत्र्याचा जोर कमी होत नाही, त्याला फक्त सरळ वाट मिळत नाही.

दुसरा फायदा नजरेचा. कुत्रा जिकडे बघतो तिकडे त्याचं मन ओढ घेतं. समोरून येणाऱ्या कुत्र्यावरची नजर हळूच काढून आपल्याकडे वळवता आली, तर निम्मं भांडण सुरूच होत नाही.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र पट्ट्यात नसून आपल्या बोटांत आहे. कुत्रा वळला, एक पाऊल जरी आपल्या दिशेने आला, की त्याच क्षणी दोरी सैल झाली पाहिजे. दोरी सैल होणं हेच त्याला मिळालेलं उत्तर: "हं, असंच." आपण ताण तसाच धरून ठेवला, तर त्याने काय बरोबर केलं हे त्याला कळायचा मार्गच उरत नाही.

माप चुकलं की सगळंच चुकतं

मानेची पट्टी कानांच्या अगदी मागे, वर बसली पाहिजे आणि घट्ट असली पाहिजे, एक बोट जेमतेम जाईल एवढी. लोक इथेच चुकतात. दया येऊन ती सैल ठेवतात, मग ती खाली घसरते, नाकाची पट्टी डोळ्यांशी घासते आणि कुत्रा वैतागतो. नाकाची पट्टी उलट सैल हवी. ती पुढे सरकून नाकाच्या शेंड्यावरच्या ओलसर काळ्या कातडीपर्यंत यावी, पण निसटून पडू नये. दोरी सैल असताना हनुवटीखाली काहीही आवळलेलं नको.

कोकणात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. वाळू नाकाच्या पट्टीखाली गेली की पॉलिश कागदासारखी घासते. आणि खाऱ्या हवेने कडी व बक्कल गंजतात. किनाऱ्यावरून आलं की पट्टा गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा. पावसात तो दिवसदिवस ओलसर राहतो, त्यामुळे नाकाडावरचे केस झडलेत का, कातडी लाल झाली आहे का, हे रोज बोट फिरवून बघते. मी दोन पट्टे ठेवले आहेत, एक वाळत असताना दुसरा.

घातला आणि निघालो, असं करू नका

मी तसंच केलं होतं. पट्टा आला त्याच संध्याकाळी खंड्याला घालून थेट वाळूवर नेलं. तो चार पावलं चालला, मग आडवा पडला, दोन्ही पंजांनी नाक खरवडू लागला आणि वाळूत तोंड घासत गोल फिरला. त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला अजून आठवतं. मी तिथेच पट्टा काढला, साध्या पट्ट्यावर घरी आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिले दोन दिवस पट्टा फक्त हातात धरला, नाकाची पट्टी कमानीसारखी उघडी. कमानीच्या पलीकडे उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. तुकडा हवा तर त्याने स्वतः त्या कमानीत नाक घालायचं. मी पट्टा त्याच्याकडे न्यायचा नाही, तो पट्ट्याकडे येणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टा खुंटीवरून काढला तर शेपूट हलवत आला. मग नाक आत असताना दोन तुकडे, चार तुकडे. चौथ्या दिवशी मानेचं बक्कल क्षणभर लावून लगेच काढलं. पुढे बक्कल लावून जेवण, बक्कल लावून खळ्यात चेंडू. खळ्यात फेऱ्या सुरू केल्या त्या दुसऱ्या आठवड्यात, आणि पाखाडीवर उतरलो ते चौदाव्या दिवशी. एखादा कुत्रा पाच दिवसांत तयार होईल, एखाद्याला महिना लागेल.

सुकटीचा मोह टाळा. कुत्र्यांना ती जीव की प्राण असते, पण तिच्यात मीठ फार. आणि कुत्र्याने नाक खरवडायला सुरुवात केल्यावर पट्टा काढू नका, त्याला दोन पावलं चालतं करा आणि तो चालत असताना काढा. नाहीतर खरवडलं की सुटका होते, हे तो एका दिवसात शिकतो. माझ्यासारखं पहिल्याच दिवशी त्याला पार घाबरवलं असेल, तर मात्र हा नियम बाजूला ठेवून काढा आणि सगळं नव्याने करा.

"पण त्याला त्रासच ना हा?"

नाकावर काहीतरी आहे हे कुत्र्यांना सुरुवातीला आवडत नाही. ते लपवण्यात अर्थ नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हॉल्टर आणि साधा पट्टा यांची तुलना केली होती. हृदयाचे ठोके, रक्तदाब, ताणाशी संबंधित संप्रेरक यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. वागण्यात दिसला: हॉल्टर घातलेले कुत्रे नाक जास्त खरवडत होते, साध्या पट्ट्यातले जास्त दांडगाई करत होते. मला यातून एवढंच दिसतं की हा पट्टा यातना देणारा नाही, पण सवय करून न देता लादला तर नकोसा नक्कीच होतो. महिनाभर नीट सवय करूनही जो कुत्रा मान खाली घालून खिन्न चालतो, त्याला तो घालू नये.

"हिसका बसला तर मान नाही का लचकायची?"

लचकू शकते, आणि म्हणून काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. हॉल्टरला लांब दोरी लावायची नाही. चार ते सहा फूट पुरे. बटण दाबलं की लांब होणारी गुंडाळीची लीश तर नकोच, कारण कुत्रा वीस फूट वेगाने धावून टोकाला पोचला की सगळा धक्का मानेला बसतो. आपण हात झटकून हिसका द्यायचा नाही, कधीच नाही. साध्या पट्ट्यावर हिसके द्यायची सवय लागलेल्या माणसाने आधी स्वतःचा हात सुधारावा. हॉल्टरवर कुत्रा खांबाला बांधून दुकानात शिरायचं नाही. घरी आल्यावर तो काढून ठेवायचा, कारण ही फिरायला जायची वस्तू आहे.

नाकाची पट्टी निसटू शकते, म्हणून हनुवटीखालची कडी आणि गळ्यातला नेहमीचा पट्टा यांच्यात एक छोटी जोडदोरी ठेवावी. मानेचं किंवा डोळ्यांचं दुखणं असलेल्या कुत्र्यासाठी आधी पशुवैद्यांना विचारा. पग किंवा बॉक्सरसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना हा पट्टा सहसा नीट बसत नाही, कारण पट्टी टेकायला पुरेसं नाकाडच नसतं.

"वाडीतली मोकळी कुत्री अंगावर आली तर?"

आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे. शहरातल्या लेखांमध्ये तो येत नाही. हॉल्टर घातलेला कुत्रा तोंड उघडू शकतो, त्यामुळे तो अगदी निराधार होत नाही, पण त्याचं डोकं आपल्या हातात असतं हेही खरं. मी काय करते तर लांबून कुत्री दिसली की थांबत नाही. खंड्याची नजर माझ्याकडे वळवून कमानीसारखी मोठी वाट काढून बाजूने जाते. जवळ आलीच तर दोरी पूर्ण सैल सोडते. ताणलेल्या दोरीमुळे कुत्र्याचं अंग ताठरतं, आणि समोरच्या कुत्र्यांना ते आव्हानासारखं दिसतं. ज्या वाटेवर हे रोजचंच आहे, ती वाट बदललेली बरी.

किनाऱ्यावर दोरी हवीच

"एवढा मोकळा किनारा, सोडा की त्याला!" असं पर्यटक म्हणतात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत तरी सोडू नका. नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या वेळास, आंजर्ले आणि इतर किनाऱ्यांवर रात्री येऊन अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभर. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने जातात, म्हणजे मे महिन्यापर्यंत किनारा त्यांचा असतो. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ही घरटी जपायला सुरुवात केली. अंडी हलवून कुंपणात ठेवतात, ती माणसांइतकीच कुत्रे आणि कोल्ह्यांपासून राखण्यासाठी. वाळू उकरण्यात कुत्र्याचा हात कोण धरणार? पहाटे घरटी राखणारे कासवमित्र पोचायच्या आधी एखादा घरचा लाडका कुत्रा घरट्यावर पोचला, तर पाच मिनिटांत सगळं संपतं.

डिसेंबरमध्ये एकदा भल्या पहाटे आम्हाला ताजा माग दिसला. ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखी नक्षी, पाण्यापासून सुरूच्या बनापर्यंत. खंड्याचं नाक खाली गेलं, अंग ताणलं. साध्या पट्ट्यावर मी त्याच्यामागे फरफटत गेले असते. हनुवटी वळली, तो माझ्याकडे फिरला, मी दोरी सोडली आणि तुकडा दिला. कासवमित्राला फोन करून जागा सांगितली आणि आम्ही पाण्याच्या कडेने पुढे गेलो.

मग आयुष्यभर घालायचा?

घालायलाच हवा असं नाही, पण नुसता घातल्याने कुत्रा शिकतही नाही. हॉल्टर काढला की दुसऱ्या दिवशी तो पूर्ववत ओढेल, ही तक्रार खरी आहे. शिकवायचं काम वेगळं चालू ठेवावं लागतं. दोरी ताणली की आपण झाडासारखं उभं राहायचं. सैल झाली की चालायचं. आपल्या मांडीच्या रेषेत चालत असेल तेव्हा मधूनमधून तुकडा. ओढल्याने पुढे जायला मिळत नाही आणि सैल ठेवल्याने मिळतं, एवढंच त्याला हजार वेळा अनुभवू द्यायचं. हॉल्टरमुळे ते शिकवताना आपण पडत नाही, हा त्याचा खरा उपयोग.

ज्यांना हॉल्टर जमत नाही त्यांच्यासाठी छातीवर पुढे कडी असलेला अंगपट्टा आहे. तोही कुत्र्याला बाजूला वळवतो. त्याची पकड हॉल्टरपेक्षा सौम्य, पण चपट्या तोंडाच्या आणि नाकावर काहीच सहन न करणाऱ्या कुत्र्यांना तो चालतो. घेताना कडी पाठीवर नको, छातीवर हवी. पाठीवरच्या कडीने ओढणं उलट सोपं होतं.

आमच्याकडे आता सकाळची फेरी साध्या पट्ट्यावर होते. पाखाडीवर मात्र पावसाळाभर हॉल्टर असतो. आणि संध्याकाळी हर्णैला बोटी लागून मासळीचा लिलाव सुरू झाला, बांगड्याच्या टोपल्या वाळूवर मांडल्या गेल्या की तिथेही. आत्याचं मनगट जुळलं आहे. गेल्या आठवड्यात तिने स्वतःहून खुंटीवरचा पट्टा काढला, खंड्याने त्यात नाक घातलं आणि दोघं देवळापर्यंत जाऊन आली.